तुम्ही विचारलंत म्हणून : ब्लूकोट्सचा सिंथेसायझर मला कसा चालतो?

ओहायोतील कॅन्टनजवळ मी वीसहून अधिक वर्षे राहते आहे आणि दर उन्हाळ्यात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ड्रम कोअरमध्ये विजेवरची वाद्ये नकोत, असे 2009 साली पोटतिडकीने सांगणारी मी आज आमच्या कॅन्टनच्या ब्लूकोट्स या ड्रम कोअर पथकाच्या सिंथेसायझरला उभी राहून टाळ्या कशी देते? मत खरोखर बदलले, की आपले पथक म्हणून चालवून घेतले? प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

ज्यांनी ड्रम कोअर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख देते. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि झेंडे घेऊन तरुण मुलेमुली दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम चालत, धावत सादर करतात. बासरी किंवा क्लॅरिनेटला येथे जागा नाही. बाविशीच्या आसपास सभासदत्व संपते. या पथकांच्या स्पर्धा भरवणाऱ्या ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1972 साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली आणि ऑगस्टमधली अंतिम फेरी आता इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये होते.

वीज या कलेत दोन टप्प्यांनी आली. 2004 पासून मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धनाला परवानगी मिळाली, तर 2009 पासून सिंथेसायझरसारख्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना. पहिला बदल मला लवकर पटला, कारण त्यामागचे कारण कानाला कळत होते. मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेल्या मरिंबा (लाकडी पट्ट्यांचे वाद्य) आणि व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) यांचा आवाज गॅलरीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून वादकांना कडक गोळ्यांच्या काठ्यांनी जोरात ठोकावे लागे आणि त्या ठोक्यात लाकडाचा गोडवा हरवून नुसती खटखट उरे. मायक्रोफोन आल्यावर मऊ काठ्या वापरता येऊ लागल्या आणि मरिंबा खऱ्या अर्थाने मरिंबासारखी वाजू लागली. सिंथेसायझरचे मात्र तसे नव्हते. तो आधीच्या कोणत्याही वाद्याला मदत करत नव्हता; तो नवा आवाज घेऊन येत होता, आणि तो आवाज कोणाच्या छातीतून किंवा दंडातून निघालेला नव्हता.

या शेवटच्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण विरोध करणाऱ्यांना जुन्याला चिकटून बसलेली माणसे समजण्याची चूक फार होते. माझे एक शेजारी 1970च्या दशकात एका पथकात बिगुल वाजवत असत. तेव्हा बिगुल ‘जी’ (G) या पाश्चात्य स्वरात जुळवलेले असत. कोणत्याही स्वरातील पितळी वाद्यांना मुभा 2000 साली मिळाली, आणि तो बदलही त्यांना सहज पचला नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, पन्नास-साठ मुलांनी उन्हात महिनोन्‌महिने घाम गाळून, ओठ सोलवटून जो मोठा आवाज मिळवायचा, तो एका माणसाने बटण फिरवून मिळवला, तर त्या घामाचा हिशोब कोण ठेवणार? माझ्या मते सिंथेसायझरविरुद्धचा हा सर्वांत बळकट आक्षेप आहे. तो कानांच्या आवडीनिवडीतून आलेला नाही. आपल्याबरोबर राबलेल्या सोबत्यांशी असलेल्या निष्ठेतून तो आला आहे, आणि म्हणूनच नुसत्या युक्तिवादाने तो खोडता येत नाही.

माझी निष्ठा वेगळ्या जातीची. मी कधी मैदानावर वाजवले नाही. माझे नाते एका नावाशी आणि एका गावाशी जडले. ब्लूकोट्स 1972 साली कॅन्टनमध्ये सुरू झाले आणि शहरातील निवृत्त पोलिसांच्या सन्मानार्थ त्यांना ते नाव मिळाले. पहिल्या बारा पथकांच्या अंतिम फेरीत ते प्रथम 1987 साली पोहोचले आणि पहिल्या तिघांत यायला 2010 उजाडले. इतक्या वर्षांत मैदानावरची मुले कितीदा बदलली, शिक्षक बदलले, गणवेश बदलले. टिकून राहिली ती प्रेक्षकांमधून उठणारी ‘ब्लूऽऽऽ’ अशी लांबलचक, खर्जातली आरोळी. ज्या पथकातली माणसे दर काही वर्षांनी बदलतात त्याच्यावर प्रेम करणाऱ्याला बदलाची सवय आधीच झालेली असते. आवाजावर प्रेम करणाऱ्याला मात्र तो आवाज गेला की दुसरे काहीच उरत नाही.

2014 साली ब्लूकोट्सने ‘टिल्ट’ हा कार्यक्रम आणला. त्यात एके ठिकाणी पितळी वाद्यांचा धरलेला स्वर आणि सिंथेसायझरचा स्वर असे मिसळतात, की सगळे मैदान तिरके होऊन सूर खाली घसरतो आहे असे वाटते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला तो भाग खटकला होता. पथक दुसरे कोणते असते, तर तेथेच निकाल लावून मी मोकळी झाले असते. पण ते आपले होते, म्हणून त्या उन्हाळ्यात मी तो कार्यक्रम पुन्हापुन्हा ऐकला, आणि केव्हातरी लक्षात आले की तो घसरणारा सूरच त्या कार्यक्रमाचा कणा आहे. तो काढला तर ‘टिल्ट’ या नावाला अर्थच राहत नाही. त्या वर्षी पथक दुसरे आले, आणि 2016 साली ‘डाउन साइड अप’ने त्यांना पहिले अजिंक्यपद मिळवून दिले.

म्हणजे निष्ठेने माझे मत थेट बदलले नाही. तिने मला जागेवरून उठू दिले नाही, आणि तेवढ्या वेळात कान तयार झाला. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इतर पथकांना मी ती सवड दिली नव्हती. कॅलिफोर्नियाच्या एका पथकाने ट्यूबांच्या, म्हणजे सर्वांत खर्जातल्या पितळी वाद्यांच्या, खाली सिंथेसायझरचा जाड खर्ज भरला तेव्हा मी त्याला फसवणूक म्हटले होते, आणि तसाच खर्ज आमच्या मुलांच्या संगीतात आला तेव्हा मला त्यात खोली दिसली. हा अन्याय होता. आता मी कोणत्याही पथकाचा कार्यक्रम किमान तीनदा ऐकल्याशिवाय त्यावर बोलत नाही. तरीही, ट्यूबा वाजवणारी मुले समर्थ असताना त्यांच्यावर विजेचा खर्ज लिंपला जातो तेव्हा मला तो आजही नको असतो, मग गणवेश कोणाचाही असो. जो आवाज मुलांना काढता येत नाही तो सिंथेसायझरने द्यावा; जो त्यांना काढता येतो तो त्यांच्याकडून हिरावून घेऊ नये.

माझे शेजारी अजूनही माझ्याबरोबर कार्यक्रमाला येतात. आरोळी उठली की तेही तीत सामील होतात, पण मोठा झंकार आला की डोळे मिटून घेतात आणि माझ्याकडे कलून विचारतात, “हा मुलांचा, की विजेच्या पेटीतला?” मी कान देऊन ऐकते, आणि दर वेळी मला सांगता येतेच असे नाही.