तुम्ही विचारलंत म्हणून: रोंग यीरेन पळून का गेला नाही?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच. 1949 मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली तेव्हा बहुतेक भाऊबंद हाँगकाँगला, परदेशी निघून गेले, मग रोंग यीरेन हा बडा गिरणीमालक शांघायमध्येच का बसून राहिला? विचारणाऱ्याने उत्तर ठरवूनच आणलेलं असतं: एक तर भोळा, नाही तर लबाड. मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली. गिरणीमालकांचा पुळका मला नाही, हे आधीच सांगते.

साम्यवादाच्या प्रेमापोटी तो राहिला असं मी कधी म्हटलेलं नाही. (बरं, एकदा म्हटलंय. चुकलंच.) पण जाणारं राष्ट्रवादी (कुओमिंतांग) सरकार तरी त्याचं कोण लागत होतं? 1946 मध्ये वडील रोंग देशंग यांना शांघायमधून पळवलं, खंडणी मोजून सोडवावं लागलं. 1949 च्या मे महिन्यात तर सैन्याला खराब पीठ पुरवल्याचा खटला खुद्द यीरेनवर चालायचा होता. तेवढ्यात कम्युनिस्टांचं लाल सैन्य शहरात शिरलं. वडील हलायला तयार नव्हते. आणि सूतगिरण्या काही बोचक्यात बांधून नेता येत नाहीत.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमचे आठ माग होते. काका वेळेत विकून सुरतेला गेले, अप्पा राहिले. विशीत मी त्यांना भर जेवणात 'भित्रे' म्हणाले. त्यांनी आमटी संपवली, हात धुतला, उठले. सहा वर्षांनी माग भंगारात गेले, किलोच्या भावाने. भंगारवाला दहाला यायचा होता. अप्पा पहाटेच तेलाची बुधली घेऊन शेडमध्ये गेले आणि एकेका मागाला तेल घालू लागले. मी म्हटलं, "आता कशाला, अप्पा? घणाने फोडणारेत." "माहीत आहे," म्हणाले, आणि पुढच्या मागाकडे वळले. आठही केले. भंगारवाल्याचा पोरगा नंतर कुरकुरला, हात घसरतात म्हणून. मला त्या दिवशी अप्पांचा राग आला होता. खरं सांगायचं तर अजून येतो.

1956 मध्ये रोंगने गिरण्या सरकारी भागीदारीत दिल्या. झांजा वाजल्या, फटाके उडाले. मोबदला म्हणून भागाच्या किमतीवर दरसाल 5 टक्के व्याज, वर्षभरात शांघायचं उपमहापौरपद. सौदा म्हणा हवं तर, मीही म्हणायचे. पण माओच्या सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्डनी, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांच्या टोळ्यांनी, रोंगला बडवलं, बोटाला इजा केली, ते कुठल्या खात्यावर मांडायचं? आणि एवढं होऊनही 1979 मध्ये चीनच्या तेव्हाच्या नेत्याने, देंग शियाओपिंगने, बोलावलं तेव्हा हा गेला, 'सिटिक' ही सरकारी गुंतवणूक कंपनी उभी केली, 1993 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाला.

"कम्युनिस्ट पक्षाबाहेरचा माणूस असून!" हे मी दर वेळी जोर देऊन सांगायचे, टाळ्याही पडायच्या. 2005 मध्ये तो वारला आणि मग जाहीर झालं की 1985 पासून तो पक्षाचा सभासद होता. वीस वर्षं गुपचूप. म्हणजे तुमचा 'लबाड' बरोबर? असेल. पण 1985 मधली सही 1949 चं कारण होत नाही, असं मी तावातावाने म्हणते, आणि म्हणताना आवाज चढतो हे मलाही ऐकू येतं.

टिपणवहीतलं ते 'पक्षाबाहेरचा माणूस' वाक्य खोडलंय. त्या जागी अजून काही लिहिलेलं नाही.