मलमलीचे पंख अखेर उलगडले

जमलं एकदाचं! आमच्या खेळगटातली मुलं कोषातून निघणारं फुलपाखरू करून बघतात, त्यात मोजा हा कोष आणि पंख कापडाचे. आता ओला, चुरगळलेला पंख मोज्याच्या कोषातून बाहेर येतो, मुलांच्या डोळ्यांदेखत पसरतो आणि वाळल्यावर ताठ राहतो. मागच्या नोंदीत गाडी या पंखांपाशीच अडली होती, म्हणून फुलपाखराचे बाकीचे उपक्रम आधी झटपट उरकते.

घडीचे ठसे आता खेळगटातली सगळ्यात लहान मुलंही एकट्याने करतात. यंदा आम्ही राणी पाकोळीच घेतली, म्हणजे ब्लू मॉरमॉन. 2015 मध्ये ती महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झाली आणि असं फुलपाखरू ठरवणारं आपलं पहिलंच राज्य. काळ्या कार्डशीटवर फिकट निळा पोस्टर कलर अर्ध्या भागात लावायचा, घडी घालून तळहाताने दाबायचं. रंग घडीच्या रेषेपासून बोटभर लांब ठेवा, म्हणजे मधलं अंग काळं राहतं.

खाऊला घावन. अर्धे कापून गोल बाजू एकमेकींना टेकवायच्या, मध्ये काकडीची लांब फोड, वर कढीपत्त्याच्या चटणीचे ठिपके. लिंबाच्या फुलपाखराची अळी लिंबाबरोबर कढीपत्ताही खाते, हे कळल्यापासून ताटातला कढीपत्ता बाजूला काढणारी मंडळी तो मागून घेतायत! द्राक्षांची अळी मात्र मी करत नाही. अख्खं द्राक्ष या वयात घशात अडकू शकतं आणि उभे काप केले की अळी दिसतच नाही.

आता पंख. कोषातून येणारं फुलपाखरू इवल्याशा, ओल्या, दुमडलेल्या पंखांनी येतं, हे मुलांना हाताने अनुभवायला मिळावं एवढाच माझा हट्ट होता. तयार सपाट फुलपाखरू मोज्यातून ओढून काढणं मला मान्य नाही, कारण सगळ्यात नवलाची गोष्ट त्यातच गाळली जाते. कार्डशीटच्या चुण्या घातल्या तर पंखा झाला. क्रेप कागद ओला होताच रंग सोडतो आणि फरशीपासून फ्रॉकपर्यंत सगळं लाल. पतंगी कागद दिसायला सर्वांत सुरेख, पण चार वर्षांच्या मुठीत एकदा गेला की फाटलाच.

मग जुन्या मलमलीच्या ओढणीकडे वळले. साबुदाण्याची पातळ खळ करायची, त्यात कापड बुडवायचं, हलकं पिळून कोषात कोंबायचं. वाळल्यावर ते कडक होतं, म्हणजे पंख ओले असताना मऊ आणि नंतर ताठ, अगदी हवं तसं. पण फरशीवर प्लास्टिक पसरून वाळवलं की प्रत्येक सुरकुती तशीच कडक व्हायची. वरून श्रावणातली हवा! दुसऱ्या दिवशी आंबूस वास. खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विष आहे. मुलांच्या हाती जाणाऱ्या कशातही नको. इस्त्री फिरवली तर पंख सरळ होतो, पण तो माझ्या हातून, मुलांच्या नाही.

उत्तर गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीत होतं. तिथला कोष सकाळी उघडला. फुलपाखरू बाहेर येताच काडीवर चढलं आणि पंख खाली लोंबतील असं लटकलं. शरीरातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलला जातो आणि लोंबत्या पंखांना पसरायला मोकळी जागा मिळते. काही मिनिटांत ते पूर्ण आकाराचे झाले, वाळून उडायला मात्र बराच वेळ लागला. मध्येच रंगीत थेंब पडले, तेव्हा “त्याने शू केली का?” असा प्रश्न आला. हो, जवळपास तेच, कोषात साठलेली घाण.

म्हणून पंख टांगायचे! आता दोरी बांधून कपड्याच्या चिमट्यांनी मलमल वरच्या कडेला लावतो. ओल्या कापडाचं वजनच निम्म्या सुरकुत्या काढतं, उरलेल्या मुलं बोटांनी वरून खाली निपटतात. खाली पंखा लावला की दुपारपर्यंत कडक, वास नाही. शिरांसाठी आदल्या दिवशी कापडावर फेव्हिकॉलच्या रेघा ओढून पूर्ण वाळवते. चुरगळल्यावरही रेघांमुळे पंख आपला आकार धरतो. लहान टोकाची बाटली घ्या, ब्रशने रेघ जाड होते.

रंग अजून ठरत नव्हता, पण हे लिहितानाच सुचलं: खळ ओलसर असताना हळद कालवलेलं तांदळाचं पीठ चाळणीतून भुरभुरायचं. वाळल्यावर बोट फिरवलं तर पिवळं बोटाला लागेल. फुलपाखराच्या पंखाचा रंगही अशाच बारीक खवल्यांचा असतो, म्हणूनच पंखाला हात लावायचा नाही हे न सांगता कळेल. तेव्हा या पंखांसाठी पोस्टर कलरचा बेत रद्द.

बाजारातल्या जीवनचक्राच्या चार्टबद्दल एक तक्रार. बहुतेकांवर अमेरिकेतलं मोनार्क असतं, त्याचा कोष शेपटीने उलटा लोंबतो. आपल्याकडे रुईवरच्या प्लेन टायगरचा तसाच असतो, त्यामुळे दारात रुई असेल तर चार्ट चालेल. लिंबावरचा कोष मात्र डोकं वर करून, कमरेला रेशमाचा धागा बांधून बसतो. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, “त्याने सीट बेल्ट लावलाय.” तेव्हापासून मोज्याच्या कोषालाही शिवायचा दोरा बांधतो. मोजे हिरवे आणि तपकिरी दोन्ही ठेवा, कोषही दोन्ही रंगांचे सापडतात.

पुढचं काम सोंडेचं. जत्रेत मिळणारी, फुंकली की उलगडणारी कागदी पिपाणी मी पंखांसाठी आणली होती, पण ती सोंड म्हणूनच शोभते: एरवी गुंडाळलेली, फुलाशी आली की लांब. खरी सोंड कोषातून येते तेव्हा दोन अर्ध्या नळ्या असतात आणि फुलपाखरू त्या जुळवून एक करतं. म्हणून दोन पिपाण्या शेजारी चिकटवायच्या आहेत. दोन्ही एकाच फुंकेत उघडायला हव्यात, सध्या एक पुढे पळते. कुणी दोन पिपाण्यांना एकच तोंड बसवलं असेल तर जोड कशाने केला ते कळवा. सेलोटेपमधून हवा जाते.