गोळ्या अजून किती दिवस?

‘भाऊ आता छान दिसतो, मग गोळ्या अजून किती दिवस?’ माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. नातलग विचारतात, शेजारी विचारतात, कधी भाऊसुद्धा. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पहिल्यांदा तो हॉस्पिटलमधून घरी आला तेव्हा मीही दिवसच मोजत होते. सहा महिन्यांनी त्याने गुपचूप गोळ्या सोडल्या. आम्हाला पत्ता लागला नाही, कारण तो उलट तरतरीत झाला. गुंगी उतरली, अंगाचा जडपणा गेला, गप्पा मारू लागला. स्किझोफ्रेनियात माणूस फसतो तो इथे. औषध थांबलं म्हणून त्रास लगेच परतेलच असं नाही. त्याला एकट्यालाच ऐकू येणारे आवाज परत आले तीन महिन्यांनी. त्याआधी झोप उडाली होती, दार लावून बसणं वाढलं होतं, पाण्याचा पहिला घोट तो मला घ्यायला लावायचा. ही चिन्हं आता माझ्या वहीत आहेत. सलग दोन रात्री झोप नाही, की डॉक्टरांना फोन.

2012 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 65 औषध-चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. औषध चालू असलेल्यांपैकी 27 टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला, तर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी, दिलेल्यांपैकी 64 टक्के. म्हणजे औषध घेऊनही उलटतो, हे मी विसरत नाही. म्हणून तर त्याचं काम, झोपेची वेळ आणि घरातला आवाज खालच्या पट्टीत ठेवणं, हेही उपचारच.

सिगारेटचं मला फार उशिरा कळलं. तो ओलान्झापिन हे या आजारावरचं औषध घ्यायचा. सिगारेटच्या धुराने यकृत हे औषध जास्त वेगाने संपवतं. वॉर्डात सिगारेट बंद, तेव्हा डोस पुरला. घरी येऊन ओढायला लागला आणि तोच डोस कमी पडला. डिस्चार्जच्या कागदावर याबद्दल एक ओळ नव्हती. शुभंकराच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाच्या, हातात कागद देताना एवढं तरी सांगायलाच हवं.

किती दिवस? पहिल्या झटक्यानंतर साधारण एक-दोन वर्षं तरी, पुन्हा उलटला तर बरीच जास्त. कमी करायच्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

भावाने आता महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन निवडलं आहे. ‘गोळी घेतलीस का?’ हे रोजचं वाक्य आमच्या घरातून गेलं. सकाळी आम्ही दुसरं काहीतरी बोलतो.