डावी की उजवी?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर बुधवारी दुपारी आमचा चित्रांचा वर्ग भरतो. वर्ग म्हणायचं ते बायकांना घरी सांगायला सोपं पडतं म्हणून. कुणाचा नवरा गेलाय, कुणाला रात्र-रात्र झोप नाही, एक जण तर नुसती दोन तास घराबाहेर पडायला मिळतं म्हणून येते. समुपदेशन करणारी माझी मैत्रीण आणि मी मिळून तो चालवतो. बोलण्याचं ती बघते, रंगांचं मी.

त्या बुधवारी स्वतःचं चित्र काढायचं होतं. फाइन आर्ट्सला असताना आम्ही ढिगानं सेल्फ-पोर्ट्रेट केलेली, त्यामुळे त्यात घाबरण्यासारखं काही असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मंगळबाजारातून प्लास्टिकच्या चौकटीचे बारा आरसे आणले, चाळीस रुपयाला एक, आणि प्रत्येकीच्या जागेवर मांडून ठेवले. आधीच्या आठवड्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

काकू आल्या, बसल्या आणि त्यांनी आरसा पालथा घातला.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं, आरशात पाहिलं तर चेहऱ्याची ती बाजू लुळी. बेल्स पाल्सी. यात चेहऱ्याची नस सुजते आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारतं. काकूंचंही बरंचसं सुधारलं, पण सगळं नाही. ओठाचा कोपरा जरा उतरलेला राहिला आणि हसल्या की उजवा डोळा आपोआप बारीक होतो. त्यामुळे त्यांनी हसणंच कमी केलं. बाहेर सेवउसळ खाणं तर बंदच. रस्सा गळतो म्हणे.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी आरसा त्यांच्या पुढ्यात ठेवला होता. मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या आणि म्हटलं, "काकू, चेहराच काढला पाहिजे असं नाही. हात काढा, चपला काढा. तेही तुमचंच चित्र."

त्या मुकाट्यानं डावा हात काढायला बसल्या.

बाकीच्यांना मी व्हॅन गॉग या चित्रकारानं स्वतःचा कान कापल्यावर काढलेलं, कानाला पट्टी बांधलेलं त्याचं स्वतःचं चित्र दाखवलं, १८८९ सालचं. एकीनं विचारलं, कापला कुठला कान? मी म्हटलं, डावा. "मग पट्टी उजव्या कानावर कशी?" कारण त्यानं ते आरशात बघून काढलं. आरशात आपली उजवी बाजू उजवीकडेच दिसते, फोटोत ती समोरच्या माणसाच्या डावीकडे जाते. आरशातलं रूप जसंच्या तसं उतरवलं की बघणाऱ्याला डाव्याचं उजवं वाटतं.

काकूंची पेन्सिल थांबली. "थांब. म्हणजे फोटोत बाजू बदलते?"

"हो."

"अगं, पुतण्याच्या साखरपुड्याचा फोटो पाहिला तर त्यात वाकडेपणा दुसरीकडेच! मला वाटलं, आता हीही बाजू गेली. दोन दिवस डाव्या गालावर हात ठेवून बसले होते मी. कुणाला बोलले नाही."

माडीवर कुणी काही बोललं नाही. मग काकूंनी आरसा सुलटा केला.

"बघू तरी, आहे केवढं."

मी त्यांना पेन्सिलीनं माप घ्यायला शिकवलं. हात ताठ, एक डोळा मिटायचा, अंगठा सरकवत अंतर धरायचं. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतात, नवशिके ते हमखास कपाळात नेऊन बसवतात. काकूंनीही बसवले. ते सुधारले. ओठ मात्र चार वेळा खोडावा लागला. दर वेळी उजवा कोपरा पार हनुवटीजवळ जायचा. आरशात तेवढा नव्हताच. त्यांना आठवत होता तेवढा त्या काढत होत्या.

"मोजा ना," मी म्हटलं.

त्यांनी मोजलं. परत मोजलं. "एवढंच?" म्हणाल्या, जरा संशयानंच, जणू आरशानं मापात मारलंय. पाचव्या वेळी ओठ जागेवर बसला. पाऊण तास त्या आरशात बघत होत्या. मध्येच सांगून टाकलं, की फिजिओथेरपीवाल्या मुलीनं चेहऱ्याचे व्यायाम आरशासमोर करायला सांगितले होते आणि आपण ते देवघराकडे तोंड करून करतो. आरसा नसेल तर चांगली बाजू भलतीच ओढली जातेय का, हसताना डोळा मिटतोय का, कळणार कसं?

चित्र काढल्यानं नस सुधारत नाही. तसं कुणी सांगत असेल तर सरळ उठून यावं. मैत्रिणीनं संध्याकाळी मला चांगलंच फैलावर घेतलं, ते योग्यच होतं. काकूंनी आरसा सुलटा केलाच नसता तर? आता आठवडाभर आधी सांगते आणि आरसे कोपऱ्यात पिशवीत ठेवते, हवा तिनं उचलावा.

निघताना काकूंनी चित्र लांब धरून पाहिलं. "नाक सासूबाईंचं आलंय," म्हणाल्या आणि हसल्या, उजवा डोळा बारीक झाला. मग पर्समधून चाळीस रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि त्याच चित्रात आरसा गुंडाळायला लागल्या.

"अहो काकू, चित्र चुरगळेल!"

"चुरगळू दे गं. रिक्षात आरसा फुटला म्हणजे?"