वाढत्या अंगाचा झगा

जर्मनीत स्वतः बिअर विकत घ्यायला १६ वर्षं पूर्ण लागतात, त्यांच्या लोकसभेला मत द्यायला १८. देव मात्र १४ व्या वर्षी निवडता येतो. थट्टा नाही, १९२१ सालचा कायदा आहे. मूल १२ वर्षांचं झालं की त्याच्या मनाविरुद्ध त्याला दुसऱ्या धर्मात वाढवता येत नाही, आणि १४ झाली की आईबापांना विचारायचं कारणच उरत नाही. लेकीने परवा जेवताना हे सांगितलं. शाळेत धर्माचा तास सोडायचा असेल तर आता तिचीच सही चालते. “तुझी लागत नाही, आई,” म्हणाली आणि आमटी वाढून घेतली.

मी मिरजेची. आई मिशन हॉस्पिटलात नर्स होती, ते १८९४ सालचं वॉनलेस डॉक्टरांचं. दिवेलागणीला प्रार्थनेची सतरंजी पडायची, आईची रात्रपाळी असली की पाचलाच. बायबलचं वचन पाठ झाल्याशिवाय ताट नाही. देव हवा की नको हे आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं आम्हालाही कधी वाटलं नाही. (धाकटा भाऊ आता नाताळ सोडला तर चर्चची पायरी चढत नाही. पण तो पुण्यात असतो, त्यातच सगळं आलं.)

बरं, इथलं जर्मन सरकार धर्माला फटकून वागतं म्हणावं तर तेही नाही. सरकारी शाळेत धर्माचा तास असतो, त्याला मार्क असतात, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक मुलांचे वर्ग वेगळे. आम्ही फ्रँकफर्टजवळ राहतो. इथे चर्चचा सभासद असलात की आयकराच्या ९ टक्के चर्चकर पगारातूनच कापला जातो. एवढं करून रविवारी देवळात पांढरी डोकी मोजून घ्यावीत. आमच्याकडे मिरजेत हंगामाच्या उपासनेत कुणी द्राक्षांची पेटी आणतं, कुणी हळद. लिलावात शेजारच्या काकू हट्टाला पेटून स्वतःचीच पेटी चढ्या भावाने सोडवून नेतात. चर्च चालतं ते अशांच्या जिवावर. असो.

राग मनात घेऊनच शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. मातृत्वावर आपल्याकडे मदर्स डेला जे उपदेश होतात ते नीतिसूत्रे ३१ वरून सुरू होतात आणि तिथेच संपतात. पहाटे उठणारी, दिवा न मालवणारी ती बाई ऐकून मी आजवर फक्त दमले आहे. मला हन्ना हवी होती. देवाकडे रडून मागितलेला मुलगा, शमुवेल, आणि दूध तुटताच तिने तो शिलोच्या मंदिरात एली याजकाच्या हवाली केला. पुढे तिच्या वाट्याला काय आलं, तर एक झगा. १ शमुवेलच्या दुसऱ्या अध्यायात आहे: दरवर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवायची आणि वार्षिक यज्ञाला नवऱ्याबरोबर जाताना घेऊन जायची. माप कुठून घेत असेल? पोरगं समोर नाही. माझी आई नाताळचे फ्रॉक शिवायची तसा वाढत्या अंगाचाच शिवत असणार, खाली चार बोटं कापड आत दुमडून, म्हणजे वर्षभर उसवून उसवून पुरेल.

आणि मुलगा ठेवला कुणाकडे? एलीकडे, ज्याचे स्वतःचे दोन मुलगे यज्ञाचं मांस जबरदस्तीने उचलून न्यायचे. याजकाचं घर, देवाचं मंदिर, तरी ही तऱ्हा. त्याच आवारात शमुवेल मात्र परमेश्वराची हाक ऐकतो. एवढ्यावर थांबलं तर उपदेश छान रंगतो. पण आठव्या अध्यायात शमुवेलाचे मुलगे न्यायाधीश होतात आणि लाच घेतात. म्हणजे हन्नाचे सख्खे नातू! हे मला शब्बाथशाळेत कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

तीमथ्याची आई युनीके, तिचंही तसंच. ती यहुदी, नवरा ग्रीक, तीमथ्याची सुंता राहिली होती ती प्रेषित पौलाने करवली, म्हणजे घरात कुणाचा शब्द चालत होता ते दिसतंच. तरी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल विश्वासाचं श्रेय देतो ते आईला आणि लोईस आजीला.

मोशेची आई योखबेद, तिला तर स्वतःचंच मूल फारोच्या मुलीची नोकर म्हणून पाजावं लागलं, मजुरीवर. तिच्यापुढे माझी १४ वर्षं म्हणजे चैनच.

तेव्हा मिरजेतून फोनवर “पोरगी हातची गेली, कशाला नेलीस तिकडे” असं जे ऐकावं लागतं, त्यावर माझं उत्तर तयार आहे. तिकडे ठेवली असती तर रविवारी ट्यूशन असती. इथे निदान दुकानं बंद असतात, देवळात जायला सबब उरत नाही. आणि “मुलाच्या मनावर ठसव” हे बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय ते घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. शाळेच्या तासाचं नाव त्यात नाही.

लेकीने काय ठरवलं ते इथे लिहिणार नाही. ती मराठी वाचते, अडखळत का होईना, आणि आता तिला विचारल्याशिवाय छापायची सोय नाही.