साडेचार व्होल्ट यायला हवेत, मीटर तीनच का दाखवतो?

किर्खॉफचे नियम (सर्किटमधल्या करंट आणि व्होल्टेजचा हिशेब) शिकवून झाले की बारावीच्या मुलांकडून एक छोटा प्रयोग करून घ्यावाच. नऊ व्होल्टच्या बॅटरीला दोन सारखे रेझिस्टर सिरीजमध्ये जोडायचे आणि मधल्या बिंदूचं व्होल्टेज मोजायचं. १० किलोओहमचे (रंगपट्टे तपकिरी, काळा, नारिंगी) लावले तर साडेचारच्या आसपास आकडा येतो. आता ते काढून १ मेगाओहमचे (तपकिरी, काळा, हिरवा) लावा. वहीतलं उत्तर तेच, साडेचार. मीटर मात्र ३ दाखवतो.

मग मुलं बॅटरी बदलतात, ब्रेडबोर्डच्या छिद्रांवर संशय घेतात, शेवटी रेझिस्टरच्या ५ टक्के टॉलरन्सवर (छापील किमतीपासून चालणाऱ्या फरकावर) खापर फोडतात. पण टॉलरन्सने अगदी वाईट झालं तरी आकडा ४.२७ ते ४.७३ च्या बाहेर जात नाही. दीड व्होल्टचा फरक त्यात बसतच नाही.

खरी गोष्ट अशी की मीटर लावला की सर्किट बदलतं. इंदूरला महाराणी रोडवर मिळतो तसला ८३० मालिकेतला स्वस्त डिजिटल मीटर व्होल्टेज मोजताना साधारण १ मेगाओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो. तो खालच्या रेझिस्टरला पॅरलल लागला की तिथे १ मेगाचे अर्धा मेगा होतात. वर १, खाली अर्धा. म्हणजे नऊचा तिसरा हिस्सा, ३ व्होल्ट. मीटर खोटं बोलत नाही, आकृतीत तो काढायचा राहिला आहे. १० मेगाओहमचा चांगला मीटर लावला तर त्याच जागी ४.२९ येतात. पुस्तकातल्या आदर्श व्होल्टमीटरचा रोध अनंत असतो, म्हणून तिथे हा प्रश्नच उभा राहत नाही. माझ्या मते पहिल्याच तासाला मुलांनी आकृतीतल्या व्होल्टमीटरच्या गोलाशेजारी त्याचा रोध लिहायची सवय लावावी.

एक बारीकशी काळजी: मीटरच्या प्रोबची (वायरींच्या टोकाच्या सळ्यांची) धातूची टोकं दोन्ही हातांनी धरून मोजू नका. अंगाचा रोधही पॅरलल लागतो आणि मेगाओहमच्या सर्किटमध्ये आकडा आणखी खाली येतो.

हेच एलईडीच्या बाबतीत घडतं. १० किलोच्या जोडीच्या मधोमध साडेचार व्होल्ट आहेत म्हणून तिथून ४७० ओहममार्फत लाल एलईडी लावला, तर तो जेमतेम मिणमिणतो. थेवेनिनच्या पद्धतीने, म्हणजे बॅटरी आणि रेझिस्टरच्या जोडीऐवजी एकच व्होल्टेज आणि एकच रोध धरून बघा: ४.५ व्होल्ट, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५ किलोओहम. एलईडीवर साधारण १.८ व्होल्ट पडतात, उरले २.७, भागिले ५४७०, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिअँपिअर. मधला बिंदू साडेचारवरून दोन व्होल्टवर घसरलेला असतो. तोच एलईडी त्याच ४७० ओहममार्फत सरळ बॅटरीला जोडला तर १५ मिलिअँपिअर मिळतात.

करंट मोजताना मीटर सिरीजमध्येच हवा. लाल प्रोब करंटच्या खाचेत ठेवून बॅटरीवर टेकवला की फ्यूज गेलाच. स्वस्त मीटरच्या १० अँपिअरच्या खाचेला तर बहुधा फ्यूजही नसतो. आणि रोध मोजायचा असेल तर आधी बॅटरी काढा, रेझिस्टरचा एक पाय बोर्डातून उचला. नाहीतर बाकीच्या फांद्यांचा रोधही त्यात मोजला जातो.

आपल्या मीटरचा रोध घरीच काढता येतो. आधी बॅटरीचं व्होल्टेज थेट मोजा. नवी बॅटरी नऊपेक्षा थोडी जास्तच दाखवते, म्हणून स्वतःचा आकडा लिहून घ्या. मग लाल प्रोब आणि बॅटरीचं धन टोक यांच्यामध्ये १ मेगाओहम घालून पुन्हा मोजा. आकडा निम्मा झाला तर मीटर १ मेगाओहमचा. नऊचे ८.१८ झाले तर १० मेगाओहमचा. गॅल्व्हॅनोमीटरचा (बारीक करंट दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरचा) रोध काढायची हाफ डिफ्लेक्शनची, म्हणजे काट्याचं विचलन निम्मं करायची पद्धत प्रॅक्टिकलला असतेच. तिथल्या निम्म्या विचलनामागेही असाच हिशेब आहे.