आंब्याचा आबा

“ताई, झाडावरून आबा पडला होय?” मशीनमननं आयग्लास, म्हणजे छपाई तपासायचं भिंग, शीटवर ठेवत विचारलं.

नारायण पेठेतला प्रेस, जुलैची झड, सकाळचे अकरा. मी चित्रं काढलेलं १६ पानी पुस्तक चार रंगांच्या मशीनवर चढलं होतं. २३ × ३६ इंची मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला कागद, १२० जीएसएम (चौरस मीटरला १२० ग्रॅम), शीटच्या एका बाजूला आठ पानं.

अकराव्या पानावर रात्र होती. गडद आभाळात १६ पॉइंटात पांढरा मजकूर, म्हणजे रिव्हर्स. चार रंगांच्या छपाईत पांढरी शाई नसतेच. चारही रंगांतून अक्षर कोरून काढायचं आणि खालचा कागद दिसू द्यायचा. वाक्य होतं, ‘अंधारात धपकन आंबा पडला.’ शीटवर आलं, ‘अधारात धपकन आबा पडला.’

या मापात अनुस्वाराचा ठिपका पाऊण मिलीमीटरच्या आसपास भरतो. प्रत्येक रंगाची एक अशा चारही प्लेटांचे ठसे एकमेकांवर नेमके बसले तरच तो पांढरा राहतो. एखादा रंग केसभर सरकला की आधी अनुस्वार जातो, मग रफार. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो आणि रजिस्टर, म्हणजे रंगांचा एकमेकांवरचा मेळ, हलतं. त्यात मॅपलिथो शाई पितो, प्रत्येक टिंब थोडं पसरतं. आर्ट पेपरवर कदाचित निभावलं असतं. पण लहान मुलांच्या पुस्तकाला चकाकणारा कागद नको हा हट्ट माझाच, आणि तो मला अजूनही बरोबर वाटतो.

आभाळाचंही चुकलं होतं. फाइलीत निळा १०० टक्के, मॅजेंटा (गुलाबी-लाल) ९०, पिवळा ६०, काळा ८०, बेरीज ३३०. मॅपलिथोला २६०च्या आसपास पुरे. त्यापुढची शाई वाळत नाही, वर पडणाऱ्या शीटच्या पाठीला डाग देते. शिवाय मॅजेंटा निळ्याच्या इतका जवळ आला की रात्र जांभळट होते. दोघांत तिसाचं तरी अंतर हवं. स्क्रीनवर यातलं काहीच दिसलं नव्हतं, कारण स्क्रीनला मागून उजेड असतो.

मशीनमननं मॅजेंटाची चावी, म्हणजे शाई कमीजास्त करायचा स्क्रू, कमी करून पाहिली. चावी एका पानापुरती नसते. शीट ज्या दिशेनं चालते त्या दिशेचा अख्खा पट्टा ती सांभाळते. शीटवर अकराव्या पानाच्या डोक्याला डोकं लावून चौदावं पान होतं. वीस-पंचवीस शीट गेल्यावर रात्र जराशी निवळली आणि चौदाव्यावरची आजी आजारातून उठल्यासारखी दिसायला लागली. गालांची लाली त्याच मॅजेंटातून येत होती. मशीन थांबवलं.

मजकूर काळ्या प्लेटवर एकटा ठेवला, तर हिंदी-कन्नड आवृत्तीला बाकीच्या तीन प्लेटा तशाच चालतात. रिव्हर्सला चारही नव्या. हा हिशेब मी दुसऱ्यांना सांगत असते. तरी त्या पानावर पांढरी अक्षरं फार देखणी दिसत होती, मोह झाला.

चित्रातल्या मुलाच्या हातात टॉर्च होतीच, फक्त तिचा झोत बारीक होता. प्रेसच्याच कॉम्प्युटरवर फाइल उघडून तो रुंद केला: मॅजेंटा १०, पिवळा ४०, बाकी शून्य. कडा मऊ ठेवल्या. त्यात मजकूर नुसत्या काळ्यात, ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा पिवळा कोरायचा नाही. मग रजिस्टर हललं तरी अक्षराला पांढरी किनार येत नाही. भाषांतरात मजकूर लांबतो म्हणून दोन ओळींची जागा जादा सोडली. आभाळ १००, ६०, १०, ४० वर आणलं, बेरीज २१०. पान बोटभर फिकं वाटलं, पण झाडाच्या फांद्या पहिल्यांदाच दिसल्या.

त्या बाजूच्या चार प्लेटा नव्यानं काढाव्या लागल्या. मानधन पानामागे ठरलेलं असतं. प्रेसमध्ये उभं राहिलेले तास त्यात कुणी धरत नाही, आणि प्लेटांचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा यावर फोनवर बरंच झालं.

साडेचारला नवी शीट आली. दोन्ही अनुस्वार जागेवर. चौदावर आजीचे गाल परत आले होते. ओल्या शाईवर भरवसा ठेवत नाही, म्हणून एक शीट पंख्याखाली वाळवून पुन्हा पाहिली. मॅपलिथोवर रंग सुकताना एक पायरी उतरतो. उतरला, पण चालण्याजोगा. सही केली. दुसरी बाजू उद्यावर गेली. या हवेत शाई सुकायला रात्र लागणार होती, म्हणून शीटांचे ढीग मुद्दाम बुटके लावले.